सहाव्या महिन्यात 'द फ्लाय' दाखवू का?

पत्र (थोडी काटछाट करून):

ताई, मी ३३ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. बायकोला सहावा महिना चालू आहे. कॉलेजपासून मला कॅनडाचा दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग याच्या भयपटांचं वेड आहे. दर शनिवारी रात्री दोन मित्र येतात, हॉलमध्ये प्रोजेक्टर लावतो आणि त्याचा किंवा त्याच्या वळणाचा एखादा सिनेमा बघतो. बायको कधी सोबत बसली नाही, पण तिने कधी अडवलंही नाही. गेल्या महिन्यात ती पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा पडद्यावर 'डेड रिंगर्स' चालू होता, त्यातली ती हत्यारं. त्या रात्रीपासून तिचं एकच पालुपद, 'हे सिनेमे या घरात नकोत.' कारण विचारलं तर म्हणते, 'मला नको आहेत.' सध्या माझी आई आमच्याकडे आलीय. ती सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर गर्भसंस्काराचे मंत्र लावते. तिचं म्हणणं, असलं बघितलं की पोटातल्या बाळावर परिणाम होतो. बायको मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. आहे, एरवी आईचं असलं काही ऐकून घेत नाही, पण या बाबतीत दोघी एक झाल्यात. मला याचं वाईट वाटतं. या सिनेमांत नुसता रक्तपात नाही. तंत्रज्ञान माणसाचं काय करतं याबद्दल इतकं खोल दुसरं कुणी बोललेलं नाही. आणि मी काही बेफिकीर नवरा नाही. बाळाचा श्वास मोजणारा कॅमेरा आत्ताच मागवून ठेवलाय, तिचे रिपोर्ट, वजन, तारखा सगळं ॲपमध्ये मीच भरतो. फक्त मला दवाखाना सोसत नाही. पाचव्या महिन्यातल्या स्कॅनच्या वेळी डॉक्टरांनी आत बोलावलं होतं, पण मी बाहेरच थांबलो, मला ते बघवत नाही. बायकोला या सिनेमांचं मोल पटवून द्यायचं आहे. 'द फ्लाय'पासून सुरुवात करावी म्हणतो, कारण ती मुळात प्रेमकथा आहे. दाखवू का? तो नको असेल तर कुठला?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर:

नाही. दाखवू नका. शनिवार जवळ आलाय म्हणून हे आधी सांगून टाकलं, बाकीचं सावकाश वाचा.

'द फ्लाय' प्रेमकथा आहे हे कबूल. १९८६ सालचा तो सिनेमा मला क्रोनेनबर्गचा सगळ्यात हळवा सिनेमा वाटतो. जेफ गोल्डब्लमचा शास्त्रज्ञ सेथ ब्रंडल आणि जीना डेव्हिसची वेरोनिका यांच्यात जे जुळतं ते खरं वाटतं, म्हणून पुढचं सगळं सहन होत नाही. पण पुढचं म्हणजे काय, ते जरा आठवा. वस्तू इथून तिथे पाठवणाऱ्या आपल्या यंत्रात ब्रंडल स्वतः शिरतो, सोबत एक माशी शिरते, आणि तो हळूहळू माशी होत जातो. वेरोनिकाला दिवस जातात. पोटात वाढतंय ते माणसाचं आहे की माशी मिसळलेल्या ब्रंडलचं, हे तिला कळायला मार्ग नाही. मग तिचं ते स्वप्न: ती प्रसूतीच्या टेबलावर, आणि डॉक्टरांच्या हातात वळवळणारी भलीमोठी अळी. मास्कमागचा तो डॉक्टर खुद्द क्रोनेनबर्ग आहे, हे तुम्ही मित्रांना दर वेळी कौतुकाने सांगत असणार. त्यानंतर ती रात्रीच गर्भपातासाठी दवाखान्यात जाते आणि ब्रंडल काच फोडून तिला उचलून नेतो. शेवटी त्याचा बेत काय, तर तो, ती आणि पोटातलं बाळ, तिघांना यंत्रातून पाठवून एकच देह करायचा. एकत्र कुटुंबाची इतकी टोकाची कल्पना आपल्याकडेही कुणाला सुचलेली नाही.

एवढ्यांदा पाहिलेल्या सिनेमातलं गरोदरपण तेवढं तुम्ही विसरलात, आणि सहाव्या महिन्यातल्या बायकोला 'मुळात प्रेमकथा' म्हणून तो दाखवायला निघालात. याकडे मी पुन्हा येणार आहे.

त्याआधी आईंचं बघू. त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या रात्री पडद्यावर अळी बघितली म्हणून बाळाला काही होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या तुमच्या बायकोला तर नक्कीच माहीत आहे. आईंच्या मंत्रांनीही कुणाचं बिघडत नाही. त्या अभिमन्यूची गोष्ट सांगत असतील तर सांगू द्या. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्याने पोटात असताना ऐकलं, बाहेर पडायचं राहिलं, कारण सुभद्रेला झोप लागली. गरोदर बाईला रात्री झोप येते आणि ती येऊ द्यावी, एवढंच मी त्या गोष्टीतून घेते.

पण 'दोघी एक झाल्या' हे तुमचं वाचन चुकलंय. आई परिणामाबद्दल बोलताहेत. बायकोने परिणामाचं नावही काढलेलं नाही. ती म्हणाली, मला नको आहेत. तुम्हाला ते कारण वाटलं नाही, म्हणून तुम्ही आईंचं कारण तिच्या तोंडी घातलंत आणि मग एम.एस्सी. बाई अंधश्रद्धाळू कशी झाली याचं नवल करत बसलात.

तिने काय बघितलं ते तिच्या जागेवरून बघा. 'डेड रिंगर्स' १९८८ चा. जेरेमी आयर्न्सने दोन्ही भूमिका केलेले जुळे भाऊ, बेव्हर्ली आणि एलियट मँटल, टोरोंटोतले नावाजलेले स्त्रीरोगतज्ज्ञ. मूळ प्रेरणा न्यूयॉर्कच्या मार्कस जुळ्या भावांची, तेही स्त्रीरोगतज्ज्ञच, १९७५ साली दोघंही आपल्या घरात मेलेले सापडले. सिनेमातला बेव्हर्ली गोळ्यांच्या आहारी जातो, बायकांची शरीरंच चुकीची घडलीत असं त्याच्या डोक्यात बसतं, आणि त्या शरीरांसाठी तो एका शिल्पकाराकडून वाकडी, नखं फुटल्यासारखी पोलादी हत्यारं बनवून घेतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत सगळे लालभडक झगे घालून उभे, देवळातल्या पुजाऱ्यांसारखे. तुम्ही आणि तुमचे मित्र ते कलादिग्दर्शन म्हणून बघत होतात. ती पाण्याचा तांब्या घ्यायला बाहेर आली होती आणि पुढच्या आठवड्यात तिला तशाच एका टेबलावर झोपायचं होतं. तिथे उभ्या उभ्या जेवढं दिसलं तेवढ्यावर तिने निर्णय घेतला, आणि मला तो अगदी नेमका वाटतो. क्रोनेनबर्गच्या टीकाकारांना हाच मुद्दा मांडायला पानंच्या पानं लागली.

तो मुद्दा असा, की या माणसाच्या सिनेमांत भीती उगवायची जागा बरेचदा बाईचं शरीर असतं. १९७७ च्या 'रॅबिड'मध्ये प्लास्टिक सर्जरीनंतर रोग पसरवते ती बाईच. १९७९ च्या 'द ब्रूड'मध्ये एक बाई रागातून पोरं जन्माला घालते, शरीराबाहेर लोंबणाऱ्या पिशवीतून, आणि ती पोरं तिच्या रागाप्रमाणे माणसं मारतात. तो सिनेमा क्रोनेनबर्गने स्वतःच्या घटस्फोटाच्या आणि मुलीच्या ताब्याच्या भांडणानंतर काढला आणि त्यात नवऱ्याची बाजू एवढी स्वच्छ ठेवलीय की मला दर वेळी राग येतो. सिनेमा म्हणून थोर आहे, भांडण म्हणून एकतर्फी. तुम्ही चाहते आहात, तर हेही तुमच्या चाहतेपणात मावलं पाहिजे. नाहीतर उद्या बायको विचारेल, 'यात सगळं बायकांनाच का होतं?' आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या अँगलबद्दल बोलाल.

आता तुमची बाजू, कारण तीही खोटी नाही.

क्रोनेनबर्गला फार शिव्या पडल्या. १९७५ साली 'शिव्हर्स' आला, माँट्रियलजवळच्या एका चकाचक नव्या वसाहतीत किडे माणसांच्या शरीरात शिरतात तो. त्याला कॅनडाच्या सरकारी चित्रपट महामंडळाचा पैसा होता. तिथल्या एका नामांकित मासिकातल्या समीक्षकाने वाचकांना बजावलं की हा सिनेमा किती वाईट आहे हे तुम्हाला कळायलाच हवं, कारण पैसे तुमच्या खिशातून गेलेत. त्याच क्रोनेनबर्गला २०१८ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह मिळाला. मधल्या चाळीसेक वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की तंत्रज्ञानाच्या भयपटांत हा काहीतरी वेगळंच करतोय.

साधारणपणे अशा सिनेमांत यंत्र बिघडतं, उलटतं, माणसांवर राज्य करायला निघतं. क्रोनेनबर्गची यंत्रं उलटत नाहीत. माणसं त्यांना आपण होऊन आत घेतात, कारण त्यांना ती हवी असतात. १९८३ च्या 'व्हिडिओड्रोम'मधला मॅक्स रेन घ्या. टोरोंटोतल्या एका किरकोळ केबल वाहिनीचा मालक. प्रेक्षकांना आणखी कडक काय दाखवता येईल याच्या शोधात त्याला छळाचं एक प्रक्षेपण सापडतं. ना गोष्ट, ना पात्रं, नुसता छळ. त्याला कुणी जबरदस्तीने बसवलेलं नाही, तो पुन्हा पुन्हा बघतो. मग टीव्हीवर शिरा तटतटतात, काच फुगून ओठांसारखी पुढे येते आणि तो तिच्यात तोंड खुपसतो. एके रात्री सोफ्यावर बसल्या बसल्या त्याच्या पोटावर उभी फट पडते, पुढे लोक तिच्यात कॅसेट सरकवून त्याला हवं तसं चालवतात. त्या कॅसेट बीटामॅक्स या लहान आकाराच्या होत्या, कारण नेहमीची मोठी व्हीएचएस कॅसेट त्या नकली पोटात मावेना. मेकअप कलाकार रिक बेकरच्या मंडळींनी ते सगळं रबर, हवा आणि पडद्यामागून हलणाऱ्या हातांनी केलं, आणि आजही ते बघताना आपला हात आपसूक पोटाकडे जातो. त्यातला प्राध्यापक ओब्लिव्हियन फक्त टेपवर भेटतो, समोर कधीच येत नाही. मार्शल मॅक्लुहानची ती सावली आहे. हा माध्यमांचा तत्त्वज्ञ टोरोंटो विद्यापीठातच शिकवायचा आणि क्रोनेनबर्गही तिथलाच विद्यार्थी, विज्ञानात शिरला आणि इंग्रजी साहित्यातून बाहेर पडला. मला वाटतं त्याचे सिनेमे अजून त्या दोन इमारतींच्या मधल्या अंगणात फिरताहेत.

तेव्हा हे खोल आहे हे तुम्ही मला पटवू नका. मला पटलेलंच आहे. पण तुम्हाला ते नीट लागलंय का, याची मला शंका आहे. म्हणून 'द फ्लाय'मधला एक प्रसंग घेते. अळीचा नव्हे. मांसाच्या तुकड्याचा.

ब्रंडलचं यंत्र निर्जीव वस्तू एका कोठडीतून दुसरीत सहज पाठवतं. वेरोनिकाचा पायमोजा पाठवून तो तिच्यावर छाप पाडतो. मग जिवंत माकड पाठवतो, तर त्याचं आतलं बाहेर आलेलं, थरथरतं काहीतरी पलीकडे निघतं. का, ते त्याला उमजत नाही. पुढे दोघांचं सूत जुळल्यावर अंथरुणात वेरोनिका सहज म्हणून जाते की म्हाताऱ्या बायका बाळांचे गालगुच्चे घेतात ना, ते यामुळेच, मांस माणसाला वेड लावतं. ब्रंडलच्या डोक्यात दिवा पेटतो. तो एका मांसाच्या तुकड्याचे दोन भाग करतो, अर्धा यंत्रातून पाठवतो, अर्धा तसाच ठेवतो, दोन्ही भाजून तिला खायला देतो. पहिला ठीक. दुसरा ती तोंडातून बाहेर काढते, चव कृत्रिम आहे. कॉम्प्युटरने मांसाची सगळी माहिती बरोबर घेतली होती, पण मांस म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने आपल्या समजुतीप्रमाणे काहीतरी घडवून दिलं. आणि ब्रंडलला कळतं की चूक कॉम्प्युटरची नाहीच. आपणच कधी मांसाच्या वाऱ्याला उभे राहिलो नाही, तर त्याला काय शिकवणार?

ताटात अर्धवट खाल्लेला तुकडा, एक हुशार माणूस आणि त्याच्या समोर तोंड वाकडं करून बसलेली मैत्रीण. एवढ्या साध्या प्रसंगात सगळा क्रोनेनबर्ग आहे असं माझं मत आहे.

आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. तिचे रिपोर्ट, वजन, तारखा ॲपमध्ये तुम्ही भरता. माहिती बरोबर असणार, तुम्ही त्यातलेच आहात. पण डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा तुम्ही बाहेर थांबलात, कारण तुम्हाला बघवत नाही. ब्रंडल आपले गळलेले कान आणि दात बाथरूमच्या कपाटात संग्रहालयासारखे मांडून ठेवतो ते तुम्हाला बघवतं. तुमच्या बायकोच्या पोटात चाललेलं एक हृदय काळ्या-करड्या पडद्यावर, दोन मिनिटं, ते बघवत नाही.

मी यावरून तुम्हाला दोष देत नाही. सिनेमातलं मांस रबराचं असतं आणि ते मनात कुठेतरी ठाऊक असतं, म्हणून बघता येतं. घरातलं खरं असतं. घाबरलेली माणसं भयपट बघतात यात नवीन काही नाही, आणि बाप होण्याआधी पुरुष घाबरतात यातही नाही. फक्त ते बोलून दाखवायची आपल्याकडे पुरुषांना सवय नाही, मग ते कॅमेरा मागवतात. पण तुम्ही बायकोला 'हे सिनेमे शरीराबद्दल आहेत' हे पटवायला निघालात, तेव्हा तिच्या शरीरात काय चाललंय ते बघायचं राहून गेलं. तिने तुम्हाला पाय सुजल्याचं सांगितलं असेल, रात्री कुशीवरून कुशीवर होता येत नाही हे सांगितलं असेल, बाळ लाथ मारतं तेव्हा तुमचा हात ओढून पोटावर ठेवला असेल. नवं मांस, यंत्रं, आत शिरणं, आतून बदलणं, हे सगळं तुमच्या घरात चालू आहे, आणि त्याची जाणकार तुमच्याहून ती आहे. तिला प्रोजेक्टरवर काय दाखवणार?

क्रोनेनबर्गचा अलीकडचा सिनेमा तुम्ही पाहिला असेलच, २०२४ चा 'द श्राउड्स'. त्याची बायको कॅरोलिन २०१७ मध्ये गेली, अडतीस वर्षांच्या संसारानंतर, आणि सिनेमा त्या दुःखातून आलाय. व्हिन्सेंट कॅसलचा कार्श नावाचा उद्योजक थडग्यात कॅमेरे असलेलं कफन बसवतो, म्हणजे मागे राहिलेल्यांना आपलं माणूस कसं विरघळत चाललंय ते फोनवर बघता येईल. सुरुवातीलाच तो एका बाईला पहिल्या भेटीसाठी स्मशानालगतच्या आपल्याच रेस्तराँमध्ये जेवायला नेतो आणि जेवण झाल्यावर थडग्यापाशी नेऊन पडद्यावर बायको दाखवतो. ती बाई पुन्हा दिसत नाही. मला त्यात हसूही आलं आणि गळाही दाटला, कारण कार्शला बायकोच्या देहापासून दूर जायचंच नाहीये, तिचं आजारपण, तिचे कापलेले अवयव, सगळं त्याने जवळून पाहिलंय, तरी त्याचं पोट भरलेलं नाही. यंत्र त्याने त्यासाठी बांधलं. तुमचा पाळण्यावरचा कॅमेरा परत करा असं मी म्हणणार नाही. लावा. तो बाळाचे श्वास मोजेल आणि अधूनमधून उगाच कोकलून तुम्हाला उठवेल. दुपटं बदलणं, ढेकर काढणं, मध्यरात्री पोटदुखीने कळवळणाऱ्या बाळाला खांद्यावर टाकून हॉलमध्ये फेऱ्या मारणं, हे तुमच्याकडेच राहणार.

आता काय करायचं ते सांगते.

सातव्या-आठव्या महिन्यात बाळाची वाढ बघायला पुन्हा सोनोग्राफी होते. आज रात्री जेवण झाल्यावर बायकोला विचारा, पुढच्या वेळी मी आत आलेलं चालेल का? ती 'आता कशाला' म्हणाली तर ते ऐकून घ्या, गेल्या वेळचं तिला लागलं असणार, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ती हो म्हणाली आणि केंद्रात परवानगी असली तर जा. आत टेबल असतं, बाजूला यंत्र, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी, पोटावर गार जेल. डॉक्टर मांडीचं हाड मोजतात, डोक्याचा घेर मोजतात, पाण्याचं प्रमाण बघतात, ठोके ऐकवतात. तुम्हाला पहिल्यांदा काही ओळखू येणार नाही, कुणालाच येत नाही, डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा. भोवळ येत असेल तर आधीच सांगून ठेवा, खुर्ची देतात. तुमच्यासारखे नवरे त्यांनी ढिगाने पाहिलेत.

भीतीबद्दल तिच्याशी बोला. तात्त्विक चर्चा नको, 'मला त्या खोलीची भीती वाटते' एवढं वाक्य पुरे. तिला तुमची भीती कदाचित आधीच कळलेली आहे. तुम्ही ती सिनेमाच्या नावाखाली लपवता आहात, याचा तिला वैताग आला असेल.

शनिवारचा कार्यक्रम बंद करायची गरज नाही, मित्राच्या घरी न्या. प्रोजेक्टर उचलून नेण्यासारखा आहे आणि मित्र दोन आहेत, आलटून पालटून जमेल. महिन्यातून एकदा करा, दर आठवड्याला नको. नवव्या महिन्यात अजिबात नको, त्या दिवसांत फोन चालू ठेवून घरी बसायचं. तिने 'या घरात' नको म्हटलंय, तुमच्या आयुष्यात नको असं म्हटलेलं नाही, आणि हा फरक तिने राखलाय याबद्दल तिचे आभार माना. मनातल्या मनात मानलेत तरी चालतील.

तिला पटवण्याचा नाद सोडा. पुढेमागे, बाळ वर्षा-दीड वर्षाचं झाल्यावर, रात्रीची झोप जागेवर आल्यावर, तिनेच होऊन विचारलं की एवढं काय असतं त्यात, तर 'द डेड झोन'पासून सुरुवात करा. तोही १९८३ चाच, स्टीव्हन किंगच्या कादंबरीवरचा. ख्रिस्तोफर वॉकनचा शिक्षक पाच वर्षांच्या बेशुद्धीतून उठतो आणि कुणाचा हात हातात घेतला की त्या माणसाचं पुढचं-मागचं त्याला दिसायला लागतं. कात्रीचा एक प्रसंग सोडला तर रक्त फारसं नाही, बर्फ आणि एकटेपणा भरपूर. तो आवडला तर १९९९ चा 'एक्झिस्टेन्झ'. त्यात व्हिडिओ गेमचं यंत्र बेडकासारख्या जिवाच्या मांसाचं आहे, पाठीच्या मणक्यात भोक पाडून ते नाळेने जोडायचं असतं, आणि ज्यूड लॉचा टेड पिकुल शरीराला काही टोचून घ्यायच्या नुसत्या कल्पनेने गळाठतो. गोष्टीचं बीज क्रोनेनबर्गने १९९५ साली सलमान रश्दींची मुलाखत घेतली तेव्हा पडलं, म्हणून त्यात खेळ बनवणाऱ्या बाईच्या जिवावर फतवा निघालेला आहे. ताटातल्या हाडांतून पिस्तूल जुळवून दात झाडण्याचा प्रसंग आहे, त्याला बायको नक्की हसेल. पिकुलकडे बघून ती तुमच्याकडेही बघेल, तेव्हा गप्प बसा.

'द फ्लाय' त्यानंतर, तिची इच्छा असेल तर. 'द ब्रूड' तिला कधीच सुचवू नका, तिला स्वतःहून सापडला तर सापडला. आणि २०२२ चा 'क्राइम्स ऑफ द फ्यूचर' तुम्ही स्वतःसुद्धा पुढची दोन वर्षं काढू नका. अवयवांच्या शस्त्रक्रियांचे प्रयोग होतात म्हणून नव्हे. तो सुरू होतो तेव्हा एक लहान मुलगा बाथरूममध्ये प्लास्टिकची कचऱ्याची बादली कुरतडून खात असतो आणि रात्री त्याची आई उशी घेऊन त्याच्या खोलीत जाते. बाळ झाल्यावर तो प्रसंग वेगळा दिसतो. माझ्या ओळखीत ज्यांना मुलं आहेत त्यांच्यापैकी कुणीही तो पहिल्या फटक्यात पूर्ण बघितलेला नाही.

राहिला प्रश्न आईंचा. त्यांना सांगा की सिनेमे मित्राकडे हलवले, बायकोने सांगितलं म्हणून. 'तुझ्या मंत्रांमुळे' असं श्रेय त्यांना देऊ नका, ते तुमच्या बायकोवर अन्याय होईल. त्यांनी विचारलंच की असं काय असतं रे त्यात, तर 'जुना इंग्रजी सिनेमा, एका शास्त्रज्ञाची माशी होते' एवढंच सांगा. अळीपर्यंत जाऊ नका.